आम्ही उचल घेतली नव्हती

टॅब आमच्या घरी आला तेव्हा मी घरी नव्हते. असते तर तो उंबरा ओलांडून आत आलाच नसता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

मी तेव्हा नाशिकला होते, आदिवासी मुलींच्या सरकारी होस्टेलवर. बी.कॉम. झालं होतं, एमबीएची सीईटी दिली होती, मार्क बरे पडले होते आणि कॉलेजांच्या याद्या लागायचे दिवस होते. आमचं गाव पेठच्याही पुढे, डोंगरात. एके दुपारी तिथं पांढरी गाडी आली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला. मी काउन्सेलर, म्हणाला. आईच्या हातचा कोरा चहा प्यायला, कॉलेजची गुळगुळीत पुस्तिका दाखवली, पोरीचं सगळं फुकट होणार म्हणाला आणि खोक्यातला नवा कोरा टॅब माझ्या बाच्या हातावर ठेवला.

जाताना माझी फाइल घेऊन गेला.

त्या फाइलीत दहावी, बारावी, बी.कॉम.ची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र. सगळं ओरिजिनल. पडताळणीचं प्रमाणपत्र ज्यांनी काढलंय त्यांना मी काय सांगायचं! बाकीच्यांसाठी एवढंच, की आजोबांच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात. अहो, आजोबा शाळेची पायरी चढले असते तर आम्ही एवढे हेलपाटे घातले असते का? तो एक कागद मिळवताना बाच्या चपला झिजल्या होत्या. आणि तोच कागद आईनं पेटीतून काढून, पदरानं पुसून, परक्याच्या हातात दिला. तिचा फोन आला तेव्हा आवाजात नुसता आनंद होता. “तुझं काम झालं गे पोरी. साहेब घरी येऊन गेला.” मी होस्टेलच्या जिन्यात किंचाळलेच, “फाइल दिलीस?”

कारण ते कॉलेज मी आधीच बघून आले होते, आणि नको म्हणून आले होते.

एमबीए करायचं म्हटल्यावर लोकांनी मला काय काय ऐकवलं ते एकदा लिहून टाकते. आमच्याकडच्या पोरीनं नर्सिंग करावं, डी.एड. करावं, पोलीस भरतीला पळावं. मॅनेजर? कुणाची गं मॅनेजर, म्हशींची? मी तीन हंगाम पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम केलं होतं. थंडगार शेडमध्ये दिवसभर उभं राहून घड साफ करायचे, पेट्या भरायच्या. आमच्यावर एक सुपरवायझर होता. लाइन अडली की तो फक्त ओरडायचा, कारण ती का अडली हे त्यालाही माहीत नसायचं. मला तेव्हा वाटायचं, ती खुर्ची मला पाहिजे. लोकसेवा नाही, समाजाचं ऋण नाही, मला हुकूम द्यायचा होता आणि तो नीट द्यायचा होता. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पण कॉलेज निवडायचं कसं? आमच्या सात पिढ्यांत कुणी निवडलेलं नाही. पुस्तिका सगळ्यांच्याच छान. सगळ्यांच्याच मुखपृष्ठावर कोट घातलेली हसरी पोरं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मग मी एक ठरवलं. कॉलेज सुटायच्या वेळी गेटवर उभं राहायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठायचं. वडापावची गाडी असेल तिथं पोरं खरं बोलतात. सर रोज येतात का? फीशिवाय आणखी काय मागतात? कंपन्या खरंच येतात की नुसते फोटो लावलेत?

काउन्सेलरचं ते कॉलेज शहराबाहेर आहे. कुठल्या रस्त्याला ते सांगत नाही. वकील त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. तिथं आधी मी आत गेले. स्वागताला बसलेल्या मुलीनं नाव, गाव, फोन लिहून घेतला, आणि तिथूनच पुढे ती पांढरी गाडी आमचं गाव शोधत निघाली. आत सगळे इतके गोड बोलत होते की मला संशय यायला लागला. एका मॅडमनी विचारलं, मॅनेजमेंटबद्दल तुला काय माहिती आहे? मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, “ग्रेट!” डोंबलाचं ग्रेट!

बाहेर गेटवर सुरगाण्याकडची एक मुलगी भेटली, दुसऱ्या वर्षाची. मी आमच्या बोलीत विचारलं तशी ती बांध फुटल्यासारखी बोलायला लागली. फी सरकार भरतं, ते खरं. पण होस्टेल त्यांचंच घ्यायचं, मेस त्यांचीच, ब्लेझर त्यांचाच, वर सहलीचे पैसे वेगळे. नाही भरले की परीक्षेचं हॉलतिकीट अडवून ठेवतात. मग सोडून का जात नाहीस, मी विचारलं. “कागद त्यांच्याकडं हायत ना,” म्हणाली.

दुसरं कॉलेज नाशिक शहरातच होतं. जुन्या संस्थेचं, फी कमी, भिंतींचा रंग उडालेला. गेटवरच्या पोरांनी तक्रारी केल्या त्या पंख्यांच्या आणि संडासाच्या. सरांबद्दल एवढंच म्हणाले की लय पिडतात. मी सरळ आत शिरले आणि एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडम एका कंपनीचं उदाहरण शिकवत होत्या. ऑर्डर भरपूर, कामगार भरपूर, तरी माल वेळेवर निघत नाही, काय कराल? शिकवता शिकवता त्यांची नजर माझ्यावर पडली.

“तू कोण गं?”

“बघायला आलेय मॅडम. कॉलेज कसं आहे ते.”

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. “मग नुसतं बघायचं नाही. उत्तर दे.”

मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, माणसं वाढवायची.

“चूक. परत विचार कर.” आणि त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

मला असा सणकून राग आला! तीन हंगाम पॅकहाउसमध्ये उभी राहिलेली मी, आणि ही बाई मला चूक म्हणते? पण बसस्टॉपवर पोचेपर्यंत डोक्यात चक्र सुरू झालं. आमच्या लाइनवरही माणसं वाढवली की गर्दीच व्हायची, पेट्या तेवढ्याच निघायच्या. म्हणजे मी खरंच चुकले होते. आणि तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत मला असं तोंडावर कुणी चूक म्हटलंच नव्हतं. शाळेत, होस्टेलवर, कार्यक्रमांत, जिथं तिथं आमच्यासारख्यांना ‘वा वा, छान’ म्हणतात आणि पाठ फिरवतात. या बाईनं माझी कीव केली नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, शिकायचं तर इथंच. ऑनलाइन पसंती भरताना पहिलं नाव हेच टाकलं.

आणि ते लागलं! यादीत माझा नंबर तिथंच लागला. शनिवारपर्यंत ओरिजिनल कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बुधवार होता. आणि माझे कागद त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं आदल्याच दिवशी नेले होते.

तशीच एस.टी. धरून घरी गेले. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, बा आणि आई चिखलातून नुकतेच घरी आले होते. टॅब देवाच्या फळीवर ठेवलेला, खोक्यासकट. मी दारातूनच सुरू झाले. बानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “घेतलंय तं जायला लागल.”

इथं उचल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडची माणसं पावसाळा सरला की टोळ्या करून पिंपळगाव, निफाडकडे द्राक्षाच्या बागेत कामाला उतरतात. त्याच्या कितीतरी आधी बागाईतदार येऊन थोडे पैसे हातावर ठेवून जातो. ती उचल. एकदा उचल घेतली की तुम्ही त्याचे. मग दुसरा कुणी जास्त मजुरी देऊ दे, घरात कुणी आजारी असू दे, जायचं म्हणजे जायचं. एका वर्षी बा अंगात ताप असताना गेला होता, दोन माणसांनी धरून त्याला टेम्पोत बसवला होता. उचल घेऊन न जाणाऱ्याला आमच्यात तोंड दाखवायला जागा नसते.

आता बाच्या हिशोबात टॅब म्हणजे उचल. साहेब घरी आला, वस्तू दिली, आपण घेतली. झालं!

“बा, मी नाय घेतला तो टॅब.”

“घरानं घेतला.”

“मंग घराला पाठव कॉलेजात! मी द्राक्षाची पेटी हाय का, भरली की निघाली?”

“तोंड लय चालतंय तुझं.”

“चालणारच. तुझीच पोर हाय.”

बा उठून बाहेर पडवीत जाऊन बसला. मी रडले, अगदी भोकाड पसरून रडले, दुःखानं नव्हे, संतापानं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी स्वतः बघून, पारखून, निवडली होती, आणि ती एका खोक्यापायी चालली होती. आई चुलीपाशी होती. ती एकाएकी उठली, पदर खोचला, टॅब फळीवरून काढला.

“मी दिली फाइल, मीच आणते,” म्हणाली. तिनं आयुष्यात पेठच्या बाजारापलीकडे एकटीनं पाऊल टाकलेलं नव्हतं.

बानं तिच्याकडे बघितलं. “ठेव ते,” तो म्हणाला. “ज्यानं उचल घेतली त्यानंच परत करायची असते.” मग माझ्याकडे वळला. “उद्या जाऊ. माफी मागू, दंड म्हणल तो भरू. पण तू तोंड उघडायचं नाय.”

मी मान हलवली. ती कितपत खरी होती ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी आवणी सोडून बा माझ्याबरोबर निघाला. धुतलेला शर्ट, टोपी, मांडीवर टॅबचं खोकं दोन्ही हातांनी धरलेलं. सावळघाट ओलांडेपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

त्या कॉलेजच्या काचेच्या दारातून आत गेलो तर गारेगार. आमच्या हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या. सोफ्यांवर आणखी चार-पाच घरची माणसं बसली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत फायली, पोरांच्या अंगावर नवे कपडे. कुठली ते मला विचारावं लागलं नाही. हरसूल, सुरगाणा, आमच्यासारखीच.

काउन्सेलर आला. “अरे काका! या या. काळजीच करू नका.”

बानं खोकं पुढे केलं. पाठीतून थोडा वाकला होता. माझा बा, जो गावात कुणापुढे वाकत नाही! “हे तुमचं साहेब. पोर नाय म्हणती. चूक झाली, माफी असावी. तिचं कागद तेवढं द्या.”

“अहो काका, टॅब ठेवा की. आणि ओरिजिनल आता प्रोसेसला गेलेत. कॅन्सल करायचं तर अर्ज करावा लागेल, चार्ज भरावा लागेल, आठवडाभर तरी लागेल.”

आठवडाभर! शनिवार दोन दिवसांवर होता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. पण बा मान डोलावत होता. त्याच्या लेखी सगळं रीतसर चाललं होतं. उचल मोडली की दंड आलाच. “चार्ज किती व्हईल साहेब?” त्यानं विचारलं.

माझं डोकं फिरलं.

“दंड कसला, बा? कशाचा दंड?”

“तू गप.”

“नाय गप बसणार! माझे कागद हायत, ह्यांच्या बापाचे नायत!”

सोफ्यावरची माणसं वळून बघायला लागली. काउन्सेलरचा आवाज अजूनच गोड झाला. “ताई, ताई, शांत व्हा. गैरसमज होतोय. काका, टॅबचं मनावर घेऊ नका. ते गिफ्ट आहे. प्रेमानं दिलंय, त्याचा ॲडमिशनशी काही संबंध नाही.”

मी बाच्या दंडाला धरलं. “बा, ऐकलंस? गिफ्ट म्हणतोय तो. त्याच्याच तोंडानं. उचल नाय ही. तू बांधलेला नायस बा!”

बानं माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. “ही उचल नाय?” त्यानं सावकाश विचारलं.

“नाही हो काका, उचल कसली! गिफ्ट.”

“म्हंजे तुमचं आमच्याकडं काय निघत नाय.”

“काहीच नाही.”

बाची पाठ सरळ झाली. मी पाहिली, माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मंग कागद दे.” मघाशी ‘द्या’ होतं, आता ‘दे’.

काउन्सेलर पुन्हा प्रोसेस, अर्ज, नियम असं काहीतरी सुरू करू लागला. बानं ऐकून घेतलं नाही. तो तिथंच, त्या चकाचक फरशीवर, दाराच्या अगदी मधोमध मांडी घालून बसला. शिपाई आला, काका सोफ्यावर बसा म्हणाला. बा म्हणाला, “मी हितंच बरा. कागद आले का उठंन.” येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याला वळसा घालून जावं लागत होतं.

आणि मी? मी सोफ्यांकडे गेले. आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, पिशवीतले ओरिजिनल कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. होस्टेलचं विचारा, मेसचं विचारा, ब्लेझरचं विचारा, आणि उत्तर लिहून मागा. ज्यांनी कागद दिलेत त्यांनी आताच परत मागा. एक बाई पोरीचा हात धरून उठलीच. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “आमचं बी दिलंय की हो!”

एवढं झाल्यावर प्रोसेसला गेलेले कागद परत यायला काय वेळ लागला म्हणता? काउन्सेलर बाजूच्या खोलीत गेला आणि फाइल घेऊन आला. टेबलाच्या खणात होती. मी तिथंच एकेक कागद तपासला. तो “चला, झालं ना आता” म्हणत घाई करत होता, म्हणून मी मुद्दाम आणखी सावकाश तपासला. माझ्या मागे तो म्हातारा हात पुढे करून उभाच होता.

बाहेर आल्यावर बाला म्हटलं, आता थेट माझ्या कॉलेजला जाऊ. रिक्षात तो एकदाच बोलला. “तिकडं तसं ओरडायला नको व्हतं,” म्हणाला. मी म्हटलं, नको होतं, पण परत ओरडेन. हसू दिसू नये म्हणून तो तोंड फिरवून बाहेर बघत बसला.

माझ्या कॉलेजच्या गेटपाशी रिक्षा थांबली. बा खाली उतरून भिंतीकडे, गंजलेल्या फाटकाकडे, व्हरांड्यात आपापली फाइल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडे बघत राहिला. आमच्या स्वागताला कुणी आलं नाही. कुणी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“इथं काय देतात?” त्यानं विचारलं.

मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, त्या काचेच्या इमारतीतून उठवून तू मला या खुराड्यात आणलंस?

“काय नाय देत, बा.”

“टॅब?”

“नाय.”

“कपडे-बिपडे?”

“काय पण नाय. फीचं सरकार बघतं, बाकी आपलं आपण. आवडलं तं शिकायचं.”

त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

“मंग इथंच शिक,” बा म्हणाला. “इथनं तुला कवा बी उठून घरी येता येल.”

आणि तो माझ्या आधी फाटकातून आत शिरला.